कणा नसलेलं पांघरूण

तिच्यासमोर चहा ठेवला की ती तो प्यायची नाही. आधी माझ्या टेबलावरचा कापडाचा नमुना उचलायची, वाफाळत्या ग्लासाच्या तोंडावर ताणून बसवायची, त्याला रबर लावायची आणि वर स्टीलची झाकणी पालथी घालायची. मग हाताची घडी घालून बसून राहायची. पाचेक मिनिटांनी झाकणी उचलून आतून बोट फिरवायची. बोट कोरडं निघालं, म्हणजे वाफ कापडातून वर आलीच नाही, की म्हणायची, "ह्यां कापड घुसमाटता गो. आतसून बघ."

मग तो निवलेला चहा एका दमात पिऊन उठायची.

वाकोल्यात माझा ताडपत्रीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याखाली पाच मशिनी आणि कापणीचं एक लांब टेबल. टेम्पोच्या ताडपत्र्या, दुकानांच्या पावसाळी कनाती, स्कूटरची कव्हरं, असलं सगळं आम्ही शिवतो. एकोणिसाव्या वर्षी एक जुनी मशीन फुटपाथवर मांडून मी हे सुरू केलं तेव्हा मागे ना बाप होता, ना भाऊ. त्यामुळे माझ्या जागेत भाव मी ठरवते आणि आवाजही माझाच मोठा असतो. तिथे येऊन कोणीतरी माझ्याच पैशाच्या चहावर माझ्याच कापडाची परीक्षा घ्यायची, हे तुम्ही सहन केलं असतंत का? मी तरी केलं नाही.

माझा तिच्यावर राग आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागले तर ते तुम्हांला फुकटचं वाटणार नाही.

ती मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी एका तबेल्यात घोड्यांचं बघायची. लग्नाच्या वरातीला लागणाऱ्या सहा घोड्या तिथे होत्या. घोड्या मालकाच्या, तबेला मालकाचा. हिचे फक्त हात. साठीची बाई, पाचवारी वर खोचलेली, साडीवर पुरुषी शर्ट, पायात रबरी बूट. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणू लागले. खरं नाव मी कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

मूळची कुडाळकडची. बाप गिरणीत, कापड खात्यात. गिरणी बंद पडल्यावर तो या तबेल्यावर राखणदार म्हणून लागला, ही त्याचा डबा घेऊन यायची, आणि एक दिवस डबा देऊन परत जायचं विसरली. असं ती स्वतःच सांगायची. कापडाला हात लावला की ताणा कुठला आणि बाणा कुठला हे तिला डोळे मिटून कळायचं. मला वाटायचं वाकोल्यात कापड कळणारी मी एकटीच. हेही तिच्यावरच्या रागाचं एक कारण धरा.

पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "घोडयेक पांघरूण व्हया. पावसाचां."

मी म्हटलं, "झूल म्हणा की, मावशी. मागच्याच महिन्यात एकाला जरीची झूल शिवून दिलीय. झकास."

"झूल लोकांका दाखवूक असता. माका घोडी सुकी रव्हाक व्हयी."

आता तुम्ही म्हणाल, मुंबईत थंडी कुठे असते, घोड्याला पांघरूण कशाला? मीही तेच म्हटलं. तिने सांगितलं ते असं. तबेल्याचा अर्धा पत्रा उडाला होता आणि मालक तो घालीत नव्हता. सहापैकी पाच घोड्या काळ्या-तांबड्या, त्यांना चार थेंबांनी काही होत नव्हतं. पण सहावी, अबोली, पांढरी. पांढऱ्या घोडीची केसांखालची कातडी गुलाबी असते, तान्ह्या पोराच्या टाळूसारखी. ती चार-चार दिवस ओली राहिली की तिच्यावर खपल्या धरतात, केस झडतात. डॉक्टरने बजावलं होतं, हिला कोरडी ठेवा.

मी माझी सगळ्यांत जाड ताडपत्री काढली. तिने चहावर घातली. झाकणी कोरडी.

"घेऊ नका मग," मी तडकले. "एवढी वर्षं टेम्पो झाकतेय. एक थेंब आत गेला नाही कोणाच्या."

"टेम्पोक घाम येता?"

हरायची वेळ आली की मी काय करते हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. मी तिच्या मालकाला फोन लावला. मालक तिशीतला, बापाकडून तबेला आलेला, घाईतला माणूस. त्याला ताडपत्री स्वस्त पडत होती. दोन मिनिटांत आमचं जमलं. मावशी समोर बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तू नि मालक मिळान घाला आता एक-एक. घोडयेक कित्या घालतास?"

मी ते पांघरूण मनापासून शिवलं, हे मात्र खरं. आतून स्पंजचं अस्तर दिलं, कडेला पितळी रिंगा मारल्या, दोऱ्या ओवल्या. आणि जोड घेतला मधोमध. आमच्या धंद्यात तो तसाच घेतात. ताडपत्रीचे दोन पट्टे जिथे दुहेरी दुमडून शिवतात ती जाड रेघ टेम्पोच्या बरोबर मध्यावर येते, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरतं. त्या रेघेला आम्ही कणा म्हणतो. कारागिराला पारखायचं तर त्याचा कणा बघायचा. माझा कणा वाकोल्यात एक नंबर, असं लोक म्हणतात. म्हणजे अजूनही म्हणतात.

बारा-पंधरा दिवसांनी मावशी पिशवी घेऊन आली. दुकानात दोन टेम्पोवाले होते आणि मांडवाचं काम करणारा एक शेजारी. तिने पांघरूण काढलं, माझ्या कापणीच्या टेबलावर उलटं पसरलं आणि शांतपणे विचारलं, "हेचो कणो खंय गो?"

मी अभिमानाने बोट ठेवलं. "हा काय. सरळ रेषेत आहे की नाही बघा."

"आनि घोडयेचो?"

तिने मोबाइल पुढे केला. फोटोत अबोलीची पाठ होती. मानेपासून शेपटीपर्यंत, अगदी सरळ रेषेत, लाल चट्टा. माझी शिवण तिच्या पाठीवर उमटली होती. जोड हाडावर घासत होता, सुईच्या भोकांतून पाणी नेमकं तिथेच झिरपत होतं, आणि स्पंज आतून घामाने भिजून चोवीस तास अंगाला चिकटून होता.

"पाऊस भायरसून येता, घाम आतसून," मावशी म्हणाली. "दोनूय तू आत कोंडलंस. ह्यां टेम्पोचां हा. घोडयेचां नाय."

मांडववाला फिसकन हसला. टेम्पोवाले तर मोकळेच सुटले. त्या दिवसापासून मी मुलुंडच्या तबेल्यापासून जुहूच्या घोडेवाल्यांपर्यंत सगळीकडे 'टेम्पोवाली' झाले. आजही घोड्यांच्या लोकांत माझा फोननंबर त्याच नावाने साठवलेला आहे. मी खात्री करून घेतलीय.

मी ओरडले. बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही. तिने पांघरुणाची नीट घडी घातली. ओलं नाही ना हे हाताने चाचपून मगच घातली, एवढ्या भांडणातसुद्धा. दाराशी जाऊन वळली.

"तुळशीची लग्नां लागासर पाठ बरी झाली नाय तर मालक तिका काढतलो. चट्टेवाली घोडी वरातीत कोण घेता? बरी झाली तर ठेवतंय म्हणालो." मग जरा थांबून म्हणाली, "बारा वर्सां झाली ती माज्याकडे."

तुळशीच्या लग्नाला चार महिने होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून मुलुंडला गेले. माफी मागायला नाही. पांघरूण घालायची हिची पद्धतच चुकीची असणार, हे सिद्ध करायला गेले. तुम्ही एखाद्याशी भांडायला गेला आहात आणि तो माणूस कामात असल्यामुळे तुम्हांला उभं राहावं लागलंय, असं कधी झालंय? मावशी अबोलीच्या पाठीवरच्या खपल्या कोमट पाण्याने भिजवून बोटाच्या पेराने एकेक सोडवत होती. नख लावत नव्हती. घोडीची कातडी तिथे नुसती थरथरायची, जशी आपल्या पापणीची शीर उडते तशी. प्रत्येक वेळी मावशी थांबायची, थरथर जाऊ द्यायची, मग पुढची खपली. मी तिथे अर्धा तास उभी होते. भांडायचं राहून गेलं.

"बघतंस काय? टेप हाडलंस?" तिने न वळता विचारलं.

टेप माझ्या पर्समध्ये कायम असते. पण घोड्याची मला भीती वाटते, हे तोवर कोणाला सांगायची वेळ आली नव्हती.

"टेम्पो लाथ मारीत नाय, नाय?" मावशी म्हणाली. "ये. खांद्याकडसून ये. मागसून येव नको."

घोड्याचं माप कसं घेतात ते मी त्या दिवशी शिकले. छातीच्या मधोमध टेप धरायची, खांद्याच्या सगळ्यांत रुंद भागावरून न्यायची आणि शेपटीच्या मुळाशी संपवायची. हे लांबीचं माप. लहान झालं तर छातीवर आणि खांद्यावर घासतं. मोठं झालं तर एका बाजूला घसरतं, आणि घसरलेल्या पांघरुणात पाय अडकला की घोडी बिथरते. मानेपाशी तळहात सहज आत गेला पाहिजे. पोटाखालून जाणारे दोन पट्टे एकमेकांवर फुलीसारखे यायला हवेत, आणि पोट व पट्टा यांत उभी मूठ मावली पाहिजे. हे सगळं ती मला मापं घेता घेता सांगत होती आणि मी आमच्या सवयीप्रमाणे आकडे तळहातावर लिहीत होते. अबोलीने माझ्या तळहाताचा वास घेतला. मी किंचाळले. मावशी तेव्हा जी हसली, तशी ती मला परत कधी हसताना दिसली नाही.

मग कापड. मुंबईत असं कापड कुठे मिळेल ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची मला सवय नाही. मी बाजार पालथा घातला. दुकानात शिरायचं, नमुना मागायचा आणि म्हणायचं, "शेठ, एक कटिंग सांगा. गरम पाहिजे." झाकणी मी घरून नेली होती. एका दुकानदाराने विचारलं, "बाई, कापड घ्यायला आलात की चहा प्यायला?" डोंगर चढणाऱ्यांची जाकिटं शिवणाऱ्या एका माणसाकडे अखेर झाकणीवर धुकं धरलं. वरून पाणी ओतलं तर पारा घसरावा तसं घरंगळून गेलं. मी त्याच्याशी पाऊण तास घासाघीस केली, पण आतून मला नाचावंसं वाटत होतं.

कापडाचा पन्हा कमी होता, जोड टाळता येत नव्हता. दोन दिवस मी आणि मावशी टेबलावर खडूच्या रेघा मारत आणि पुसत बसलो. शेवटी पाठीवर एकच अखंड पट्टा ठेवला आणि जोड दोन्हीकडे बरगड्यांच्या खाली उतरवले. शिवणीवर आतून पट्टी चिकटवली. स्पंज काढून टाकला, त्याजागी अगदी पातळ जाळी. खांद्यावर घासू नये म्हणून आत साटीन. ते मावशीने वरातीतल्या जुन्या फेट्यांचं आणलं, गुलाबी. आयुष्यात पहिल्यांदा मी कणा नसलेली वस्तू शिवली. माझे कारागीर एकमेकांकडे बघत होते.

"दोन शिव," मावशी म्हणाली. "एक आंगार, एक दांडयेर."

म्हणजे एक अंगावर आणि दुसरं वाळत. दोनाचा भाव तिने मला ज्या किमतीला पाडायला लावला ती मी सांगणार नाही, धंद्यात नाचक्की होईल. माझ्याशी सौदा करून जिंकलेली माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजते आणि मावशी तर आवाज न चढवता जिंकली.

पांघरुणं पोचवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझं मुलुंडला जाणं वाढलं. कारण काय सांगायचे? सांगायचे की मालावर लक्ष ठेवायला आलेय. खरं तर तिचं काम बघायला जायचे. सकाळ-संध्याकाळ ती पांघरुणाखाली, खांद्याच्या मागे हात घालायची. कोरडं आणि कोमट लागलं तर ठीक. दमट लागलं की लगेच काढायचं, मग पाऊस असो नसो. ओल्या घोडीवर कोरडं पांघरूण कधीच घालायची नाही. आधी गोणपाटाने पुसायची, वारा लागू द्यायची, मग. उतरवलेलं पांघरूण ती कधी जमिनीवर टाकायची नाही. बांबूवर उलटं पसरायची, आणि त्यासमोर टेबलफॅन. तो तिच्या खोलीतला एकुलता एक पंखा होता. "तुम्हांला उकडत नाही का?" असं विचारलं तर म्हणाली, "माज्या आंगार पांघरूण नाय ना."

जुहूच्या एका घोडेवाल्याने तेव्हा परदेशी पांघरूण मागवलं होतं. चकचकीत, आतून लोकर भरलेलं, गळ्यापर्यंत बंद. ते घोड्यावर घालून तो मिरवायला आला. मावशीने तारीफ केली नाही की नावं ठेवली नाहीत. त्याचा हात धरला आणि घोड्याच्या खांद्यामागे आत घातला. हात बाहेर आला तेव्हा मनगटापर्यंत ओला होता. "थंडीच्या गावचां आसा," ती म्हणाली. "तिकडे पाठव."

मग मी माझ्या स्वभावाला साजेशी एक गोष्ट केली. एका पांघरुणाला शेण-चिखल लागला होता. मावशी तो वाळू द्यायची, मग ब्रशने झाडायची, आणि फारच झालं तर गार पाण्याने पुसायची, बस. मला ते घाणेरडं वाटलं. माझ्या हातचा माल असा दिसतो? तिला न विचारता मी ते कारखान्यावर नेलं, धुण्याच्या पावडरीत गरम पाण्यात भिजवलं, घासलं, कडक उन्हात वाळवलं आणि नव्यासारखं करून परत नेलं. मावशीने त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी घरंगळलं नाही. कापडाने पिऊन टाकलं.

"पावडर घातलंस?"

मी मान हलवली.

"मेले, कापडाचो तेलपणाच काढलंस." मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होते, म्हणजे मला उलट ओरडता आलं असतं. ती ओरडली नाही. "आता हेका परत लेप लाव. माज्या डोळ्यांदेखत लाव." मी तबेल्याच्या ओट्यावर बसून, पाणी झटकणारा लेप स्पंजने लावत सबंध दुपार काढली. अबोली शेजारी उभी राहून गवत खात होती. ती दुपार मला अजून आठवते, आणि वाईट म्हणून आठवत नाही.

गणपती आले, गेले. चट्टा आधी गुलाबी झाला, मग राखाडी. नवरात्रात त्यावर लव धरली. दिवाळीला पाठ अशी झाली की कुठे काही होतं हे मलासुद्धा शोधावं लागलं. मी वाट बघत होते, आता तरी बाई म्हणेल, चांगलं शिवलंस गो. ती पांघरुणावरून हात फिरवून एवढंच म्हणाली, "चलात."

चलात! म्हणजे चालेल. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात कोणी माझ्या मालाला 'चालेल' म्हणून वाचलेलं नाही. तिला मी सोडून दिलं.

तुळशीची लग्नं लागून आठवडा झाला असेल. मावशी कारखान्यावर आली. चहा आला. टेबलावर तीन नवे नमुने पडले होते. तिने एकालाही हात लावला नाही. चहा गरम गरमच पिऊन टाकला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"अबोलीक विकल्यान," ती म्हणाली.

इगतपुरीकडच्या एका रिसॉर्टचा माणूस वरातीत आला होता. त्याला पांढरी घोडी हवी होती, पाहुण्यांच्या फोटोंसाठी. पाठीवरून हात फिरवला, कुठे डाग नाही. सौदा झाला. चट्टा असता तर त्याने बघितलंही नसतं. मी आणि मावशीने चार महिने खपून ती घोडी विकण्याजोगी केली होती.

मी तशीच उठले, मुलुंड गाठलं, मालकासमोर उभी राहिले. "तू काय म्हणाला होतास? पाठ बरी झाली तर ठेवीन म्हणाला होतास ना?"

"ताई, ठेवणार होतो. पण एवढी चांगली झाली हे मला काय माहीत? आता समोरून गिऱ्हाईक आलंय. तुम्ही पण धंदाच करता ना?"

मी खूप बोलले. तबेल्याचा पत्रा मी फुकट घालून देते म्हटलं. बाकीच्या पाचही घोड्यांना पांघरुणं शिवून देते म्हटलं. तो नुसता मान हलवत होता. विकलेल्या वस्तूवर सौदा होत नाही, हे मी स्वतः शंभर गिऱ्हाइकांना ऐकवलंय. मावशी मागे येऊन उभी होती. तिने माझं कोपर धरलं.

"घोडी माजी नाय गो बाय. ओरडा नको, ती बुजता."

शेवटी मी एवढंच मिळवलं की दोन्ही पांघरुणं घोडीबरोबर जातील. मावशीने लगेच विचारलं, "इगतपुरीक पाऊस किती पडता?" मी म्हटलं, मुंबईच्या वर. तिने बांबूवरच्या पांघरुणाची कड उलटवून बघितली. मग म्हणाली, "पांघरुणात आतसून लिवून शिव. तेंका कसां कळतलां नायतर?"

मी मालावर माझ्या कारखान्याचं लेबल लावते. नायलॉनची बोटभर पट्टी, वर नाव, खाली फोन. तशीच मोठी पट्टी छापून घ्यायची ठरली. छापणारा म्हणाला, जास्तीत जास्त सात ओळी. दुसऱ्या दिवशी मावशी सांगत गेली आणि मी तिचं शुद्ध मराठीत लिहीत गेले.

ओल्या अंगावर घालू नये. रोज दोनदा खांद्यामागे हात घालून बघावे, दमट असल्यास काढावे. पोटपट्ट्यात उभी मूठ मावावी. चिखल वाळवून ब्रशने झाडावा; पावडर, गरम पाणी व ऊन नको. उलटे पसरून सावलीत वाळवावे. पाणी घरंगळेनासे झाले की लेप लावावा.

"सहा झाल्या," मी म्हटलं. "सातवी माझं नाव आणि फोन. बस."

"अजून एक आसा."

"मावशी, जागा नाही."

"मगे तुजां नाव काढ."

तुम्ही धंदा करत असाल तर तुम्हांला कळेल ती काय मागत होती. त्या रिसॉर्टमध्ये बाहेरगावचे पैसेवाले येणार, घोडी बघणार, पांघरूण उलटून बघणार. मी म्हटलं, दोन ओळी एकत्र करू. ती नको म्हणाली. अक्षर बारीक करू म्हटलं. तिकडचो गडी म्हातारो असलो तर, ती म्हणाली. मी म्हटलं, नुसता फोन तरी राहू दे, कोपऱ्यात. तिने कागद माझ्याकडे सरकवला. मी माझ्या नावावर काट मारली.

"सांगा. काय लिहू?"

"डाव्या कानामागे खाजवल्यार ती स्थीर रव्हता. मगे पट्टो लावचो."

मी ते लिहिलं. "डाव्या कानामागे खाजवावे, म्हणजे ती स्थिर उभी राहते. मग पट्टा लावावा." बाकी सहा ओळी पांघरुणाच्या होत्या.

ट्रक आला त्या दिवशी मी गेले नाही. मला कामं होती. चार दिवसांनी गेले तर टेबलफॅन बांबूपाशी तसाच होता आणि मावशीच्या खोलीला कुलूप नव्हतं, कारण आत काही नव्हतं. भावाकडे कुडाळला गेली, असं एकाने सांगितलं. दुसरा म्हणाला, कुडाळला तिचं आता कोणी नाही. फोन लावला तर बंद. मी तिच्यासाठी बाजार पालथा घातला, लेप लावत बसले, माझं नाव कापून टाकलं, आणि बाई मला एका शब्दाने सांगून गेली नाही. आता कळलं माझा राग कशावर आहे ते?

या जूनमध्ये एका अनोळखी नंबरावरून फोन आला. इगतपुरीहून, घोडी सांभाळणारा माणूस. नंबर मालकाकडून मिळवला म्हणाला. चांगला बोलत होता, माहिती घेऊन बोलत होता. पांघरूण कोरडं राहतं, पाठ स्वच्छ आहे, पट्टीवर लिहिल्याप्रमाणे सगळं करतो.

"फक्त एक आहे, मॅडम. ती शेवटची ओळ. कानामागे खाजवलं की उभी राहते, ते बरोबर. पण मान वळवून मागे बघत बसते. दाराकडे. मला कळत नाही पट्टा लावू की थांबू."

बाहेर कारागिरांनी मशिनी चालू ठेवल्या होत्या, त्यांना मी हातानेच थांबायला सांगितलं.

"बघू दे," मी म्हटलं. "तिचं बघून होईपर्यंत हात कानामागून काढायचा नाही. मग लावायचा पट्टा."

"हे पट्टीवर नाहीये," तो म्हणाला.

"नाहीये," मी म्हटलं. "हे माझं आहे. लिहून घ्या."